डॉक्टरची डॉक्टरीण

३ जून
सोमवारी बायकोचा दवाखाना उघडतोय. दातांचा. पाटीचं काम मी अंगावर घेतलं. जन्मभर व्याकरण शिकवलं, पाटीचं शुद्धलेखन कुणीतरी बघायला हवंच.

४ जून, सकाळी
पेंटरने 'सौ. डॉक्टर' लिहिलं होतं. 'डॉक्टर' पुसून 'डॉक्टरीण' करायला लावलं. हुद्द्यापुढे 'सौ.' चूकच, पण बायकोसाठी राहू दिलं. लेखक-लेखिका, शिक्षक-शिक्षिका, तसं डॉक्टर-डॉक्टरीण. इंग्रजी कंजूष. अ‍ॅक्टरला अ‍ॅक्ट्रेस दिली, डॉक्टरच्या वेळी हात आखडला. जर्मन लोक बायकांच्या हुद्द्याला 'इन' लावतात. आपलं 'ईण' जास्त ठसठशीत. बायकोला सरप्राइज.

७ जून
बायको पाटीकडे बघतच राहिली. भारावली असणार. सासूबाई म्हणाल्या, डॉक्टरीण म्हणजे डॉक्टरची बायको ना? दोन्ही अर्थ होतात, असं शांतपणे समजावलं. वातावरण हलकं करायला सांगितलं की जर्मनमध्ये मुलगी नपुंसकलिंगी असते. बायको हसली नाही. दमली असेल.

११ जून
पेशंट येतात, बायकोला विचारतात, डॉक्टरसाहेब कधी येणार? मग जातात. तिचं म्हणणं, वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या दवाखान्यात राबून हे उभं केलंय, पाटीपायी बुडेल. पाटी बदलू म्हणाली. साफ नकार दिला. चार अडाणी माणसांसाठी नियम बदलत नाहीत. उद्यापासून काउंटरवर बसून प्रत्येकाला प्रत्यय समजावणार.

१२ जून
मला डॉक्टर समजून एका आजोबांनी आ वासला. म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडा? वाकून बघितलं. दाढ काढावी लागेल म्हटलं. बायको आतून आली. दाढ धडधाकट निघाली. आजोबांनी चपला हातात घेऊन जिना गाठला. बायकोने सगळ्यांदेखत मला घरी जायला सांगितलं. माझ्या तब्येतीची फार काळजी तिला.

१५ जून
पाटीवर पुन्हा पेंटर. 'ईण' गेलं. पुढचं 'सौ.'सुद्धा गेलं. हुद्द्यापुढे 'सौ.' चूकच, हे बायकोला एकदाचं पटलं. शिकवणं वाया जात नाही. पेंटरला शाबासकी दिली. तो म्हणाला, घरच्या पाटीवरचं तुमचं नावही काढायला सांगितलंय बाईंनी. ऐकण्यात चूक झाली असेल त्याची.

१५ जून, संध्याकाळी
किल्ली लागेना. कुलूप नवं होतं. बेल दाबली. कामाला नव्याने लागलेल्या मावशींनी दार किलकिलं करून कोण हवंय विचारलं. डॉक्टर आहेत का, विचारलं.
पेशंटना घरी भेटत नाहीत म्हणाल्या.