पारी सोडायचा नाही

देमाक, समुद्राकाठ

आदरणीय वागियाह म्बाक,

सालातिगाच्या डोंगरातल्या थंडीत तुमचे गुडघे आणि भाऊजींचा खोकला कसा आहे? धाकट्या बहिणीचा दोघांना सलाम. आम्ही ठीक. आज तर फारच ठीक, कारण माझी मासे धुरवायची भट्टी वाचली.

झालं असं, परवा टीव्हीवर एक कोटवाला म्हणाला, देशाने पारिसच्या करारातून बाहेर पडावं का, असा विचार चाललाय. मी भट्टीत करवंट्या सारत होते, धुराने डोळे भरलेले (कानही भरले असणार), मला ऐकू आलं ‘पारीचा करार’. पारी म्हणजे आपला तो चपटा मासा, पाकट, दुसरं काय. आईने पारी धुरवून आपल्याला वाढवलं आणि हे कोटवाले तो सोडणार? त्यात शेजारचा कास्बी (त्याच्या वाळत घातलेल्या सदऱ्यांना माझा धूर लागतो) म्हणाला, "काकी, आता तुमची भट्टी बंद." माझं जेवणच गेलं.

काल शहरातली माणसं गावसभेत विचारायला आली, करारात राहायचं की सोडायचा. सरपंचांनी घसा खाकरायच्या आत मी उभी राहिले. म्हटलं, "आईने सोडला नाही, मी सोडणार नाही. सोडून खायचं काय, तुमचा कोट?" बायकांनी टाळ्या पिटल्या. शहरातल्या बाईंनी माझा हातच धरला. म्हणाल्या, "हवामानावर इतकं कळकळीने कुणी बोललं नव्हतं." मी म्हटलं, "हवामान गेलं खड्ड्यात, पाकटाचं बोला."

मग उलगडा झाला. पारिस हे लांबचं शहर, तिथे सगळ्या देशांनी धूर कमी करायचं कबूल केलंय, समुद्र चढू नये म्हणून. (आमचे हे मागे तोंडात रुमाल कोंबून हसत होते. त्यांना आधीपासून माहीत होतं.) धूर म्हटल्यावर मी लगेच विचारलं, "म्हणजे माझी भट्टी बंदच?" पण बाई म्हणाल्या, "तुमच्या करवंट्यांचा नाही हो ताई, कोळशाच्या मोठ्या धुराड्यांचा." तेव्हा जीव भांड्यात पडला. मत मात्र मी बदललं नाही. भरतीचं पाणी रोज स्वयंपाकघरात येतं, आणि त्याला थोपवायच्या करारातून बाहेर पडायचं? मग त्याला पाट मांडून जेवायलाच वाढा ना.

तुमची,
रुकियेम

ता.क. भर घालून घरातली जमीन पुन्हा उंच केली. छत तिथेच, त्यामुळे हे घरात वाकून चालतात. पाहुणे म्हणतात, नवरा किती नम्र.

आणखी ता.क. पत्र खाटेवर पाय वर घेऊन लिहिलंय. कागद ओला दिसला तर रडले असं समजू नका. करार लागू पडून पाणी कधी उतरेल, ते त्या बाईंनाही सांगता आलं नाही. तोवर तुमची माडीवरची खोली कुणाला देऊ नका. भट्टी बरोबर आणेन. शेजाऱ्यांना आत्ताच सांगून ठेवा.