रेषेतला खड्डा

४ मार्च
आलो एकदाचा नव्या नोकरीच्या गावी! दोन खोल्या, भरपूर ऊन. बायको रविवारी येईल. तिचे दिवस भरत आलेत, तोवर पाळण्याची जागा करून ठेवतो. प्रयोगशाळेत मात्र एकेक नग भरलेत. पोलादी भांड्यात सोडियमच्या वाफेची ठिणगी पेटते, काचेतून प्रकाश यंत्रात जातो, पडद्यावर उजळ रेषा उमटते. ठिणगीचा गाभा तापलेला, वर थंड वाफेची साय. गाभ्याचा प्रकाश ती साय गिळते, कारण दोन्ही एकाच धातूची. म्हणून रेषेच्या मधोमध खड्डा पडतो. आणि ही शहाणी मंडळी तो खड्डा रोज नोंदीच्या आलेखात हाताने रेघ ओढून बुजवून टाकतात!

५ मार्च
प्रमुखबाईंना विचारलं. म्हणाल्या, बुजवायचा आणि घरी जायचं, मोजत बसायचं नाही. तुमच्या आधीचाही मोजत बसायचा. तो कुठे गेला विचारलं, तर चहा ढवळत बसल्या. अहो, सगळी माहिती त्या खड्ड्यातच असते! खोलीवरून साय किती दाट ते कळतं, आणि खड्डा निळ्या बाजूला सरकला तर ती आपल्या दिशेने येतेय हे कळतं. यांच्या डोक्यात नुसता भुसा. मी मोजणार.

७ मार्च
खड्डा रोज खोल होतोय आणि निळ्या बाजूला सरकतोय. भांडं तर जेमतेम वीतभर. साय एव्हाना काचेला थडकून थांबायला हवी होती. तंत्रज्ञ कानाशी येऊन म्हणाला, बुजवून टाका साहेब. भित्रा लेकाचा.

८ मार्च
ठिणगी विझवली. काचेबाहेर, यंत्रासमोर, सोडियमचा मिणमिणता दिवा ठेवला. त्याच्या रेषेत कधी खड्डा नसतो. आज होता. म्हणजे साय भांड्यात नाही, खोलीत आहे. छे, यंत्रच बिघडलंय. तपासलं. ठणठणीत आहे.

९ मार्च
दिवा आणि छोटं यंत्र घरी आणलं. खड्डा इथेही. स्वयंपाकघरात, दिव्याच्या आणि माझ्या मधे. मला भीती वाटतेय. लिहितानाही लाज वाटते. बायकोला फोन केला, येऊ नकोस म्हटलं. ती गाडीत बसलीसुद्धा. हसली नुसती.

१० मार्च
खड्डा गेला! रेषा स्वच्छ. त्या गाढवांच्या नादी लागून मीही —

दाढी करायला आरशासमोर गेलो. कान दिसतात. केस दिसतात. मधे —
गेली नाही. पोचली. आता ती माझी साय आहे, माझाच उजेड गिळते —

बेल. ती आली. चेहरा असा अंधारात का, म्हणाली. पळालो. न्हाणीघराला कडी लावून लिहितोय — ती दाराला टेकून उभी आहे. तिला काही होणार नाही, साय आपल्याच जातीचं गिळते, ती तर परक्या घरची —

रस्ताभर बाळ लाथा मारत होतं म्हणते. तुला पाहिलं आणि एकदम गप्प झालं म्हणते —

पोटातलं तर माझंच —