लाल फडक्यातला भूगोल

१४ जुलै १९५७
सुमन दुपारच्या गाडीने नागपूरहून गोंदियाला घरी आली. एम.एड.च्या प्रबंधाचा विषय ठरला होता, आता तो लटकला. विषय असा की प्राथमिक शाळेत भूगोल शिकवताना आपल्या गावापासून सुरुवात करावी. तिचे वडील टोला गावच्या शाळेत तसेच शिकवत. पोरांना बोडीच्या, गावच्या तळ्याच्या, काठावर नेत, ओल्या चिखलात गावाच्या धानाच्या बांध्या, वाटा, देऊळ काढायला लावत. मग तालुका, मग जिल्हा. सु.ने हे प्रोफेसरांना सांगितले. ते म्हणाले, "वडिलांची आठवण म्हणजे संशोधन नव्हे. अशी पद्धत पूर्वी होती, याला छापील आधार दाखवा. दिवाळीपर्यंत. नाहीतर विषय बदला."

जेवताना म्हणाली, "आई, बाबा एक पुस्तक नेत बोडीवर. निळ्या पुठ्ठ्याचं."
मलाही आठवते. एकदा पाऊस आला तेव्हा मीच पदराखाली धरले होते. नाव काय ते सांगता येत नाही. तेव्हा मला वाचता येत नव्हते.

१८ जुलै
सु. परत गेली. तिला तिथली लायब्ररी बघू दे, इथली मी बघते.
वाचनालयात तिवारीजींना म्हटले, शाळेत कसे शिकवावे यावरची मराठी पुस्तके काढा. ग्रंथपाल माणूस, पण चष्म्यावरून बघतच राहिले. "माताजी, उपन्यास चाहिए तो अलमारी भरी पड़ी है. पढ़ाने की किताब यहाँ कौन पढ़ता है?"
"मी."
मग शिडी लावली. वरच्या फळीवर गणिताचे एक, बागकामाचे एक, आणि कोणी कशी ठेवली कोण जाणे, कीर्तनाची तीन. भूगोल नाही. धूळ सगळी माझ्या डोक्यावर. दुसरे कपाट आहे म्हणाले. किल्ली सापडली तर उघडू.

२३ जुलै
किल्ली सापडली. कपाटात बुद्धिबळाचा पट, बंद घड्याळ आणि इंग्रजी पुस्तके. इंग्रजी मला येत नाही, पण नकाशा कळतो. एकेक उघडून ज्यात नकाशे आहेत ती बाजूला काढली. दोन पुस्तकांच्या वरची अक्षरे चित्र काढावे तशी कागदावर उतरवली. तिवारीजी म्हणाले, "रहने दो माताजी, मैं लिख देता हूँ." नाही म्हटले. माझे मी.

२९ जुलै
सु.चे पत्र. दोनांतले एक कामाचे निघाले! तिच्या प्रोफेसरांनी नाव ऐकले होते, पाहिले नव्हते. तिवारीजींना पत्र दाखवले. त्यांनी ते सगळ्या वाचकांना दाखवले. पण मराठी आधार अजून नाहीच. इंग्रजी पुस्तक विलायतेच्या गावाचे. आमच्या बोडीचे नाही.

२ ऑगस्ट
मुलींच्या शाळेत गेले. अभ्यासक्रम बदलला तशी जुनी पुस्तके, शिक्षकांच्या पुस्तिका, सगळी रद्दीत गेली. बाईंना वाईट वाटले. रद्दी कोणाकडे गेली ते सांगितले. थेट दुकान गाठले.
शेट हसले. "अम्मा, आप देर से आईं. भूगोल में तो जीरा बँध गया. इतिहास थोड़ा बचा है, उसमें हल्दी बाँध रहा हूँ."
एक पान मिळाले. रशियाच्या नद्या. अजून जिऱ्याचा वास येतो.
मला हसू आले आणि लगेच गेले. हे होते तोवर त्यांच्यापुढे अक्षर काढायची लाज वाटे. मास्तरची बायको, आणि अडाणी. ते गेल्यावर अशाच दुकानच्या पुड्या सोडून, कागद सरळ करून, एकटीच अक्षरे लावत बसे. बडीशेपेच्या पुडीवर पहिले अख्खे वाक्य लागले. सांगायला घरात कोणी नव्हते. सु. शाळेत गेली होती.

११ ऑगस्ट
ठरवले. टोल्याला जायचे.
हे गेले तेव्हा त्यांची सगळी पुस्तके, ते निळेही, मी शाळेला दिली. पोरांनी वाचावी म्हणून. गावाने ती लाल फडक्यात बांधली. सात वर्षे दसऱ्याला त्या गठडीची पूजा होते. हळदकुंकू, फुले, नव्या धानाचे लोंब. एक लोंब माझ्यासाठी पाठवतात, आठवणीने. मी देवाजवळ ठेवते. अभिमान वाटतो, का नाही वाटणार? कुठल्या मास्तरची पूजा करते गाव?
आता मीच जाऊन म्हणायचे, सोडा ती.
सु.ने सुचवले नव्हते. तिच्या मनात असणार. पण बोलली नाही.

८ सप्टेंबर
पॅसेंजरने दरेकसा, तिथून पायी टोला. वाटेत दोन नाले, पाणी गुडघ्यापर्यंत. शाळेत गुरुजी होते, नवीन आहेत, भले वाटले. त्यांनी पाटलांना बोलावले. पाटील म्हणजे ह्यांचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी. आता मिशा पिकल्या.
गठडी तिथेच, कोनाड्यात. फडके दरसाल नवे. हात लावावासा वाटला. लावला नाही.
पाटील म्हणाले, "मास्तरीणबाई, तुमी म्हनाल थे करू. पन गठडी नाई सोडता येत जी."
"काऊन?"
"पोट्टे पास होऊन राहिले तिच्यानं. मधात एका गुरुजीनं हात लावला, त्या साली चौथीचे सारे नापास."
"पोट्टे गठडीनं पास होऊन राहिले, त गुरुजीले पगार कायले देता?"
गुरुजी तोंड फिरवून हसले. पाटीलही हसले, पण हलले नाहीत. "थे पूजेचं हाय बाई. वाचाचं नोहे."
सुमनचे सांगितले. पोरीचे शिक्षण अडले आहे, मास्तरच्याच पोरीचे. पाटील खाली बघत राहिले. "सुमनबाईले दुसरं काईही मांगा. धान मांगा. गाडी मांगा."
घरी नेऊन जेवू घातले, स्टेशनपर्यंत बैलगाडीने सोडले. रिकाम्या हाताने आले.

९ सप्टें.
पाय दुखतात. राग येत नाही. त्यांनी माझ्या माणसाला देवाजवळ बसवले, राग कसा येईल. पण हे असते तर ओरडले असते. पुस्तक बंद ठेवलेले त्यांना चालत नसे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तर नेमच होता. पूजेतली पुस्तके उचलायची आणि पानावर बसण्याआधी घरातल्या प्रत्येकाने त्यातले काहीतरी वाचायचे. मला येत नसे, तर माझे बोट धरून ओळीवरून फिरवत. "झालं तुझं," म्हणत.

हे मी पाटलांना का नाही सांगितले? त्या घाईत सुचलेच नाही.

२० सप्टें.
सु. लिहिते, प्रोफेसर दुसरा विषय सुचवतात, हस्ताक्षर सुधारणे. ती घेते म्हणते. तिला लिहिले, दसऱ्यापर्यंत थांब. एवढेच.

३ ऑक्टोबर, दसरा
टोला. कालच आले. गुरुजींच्या घरी उतरले.
सकाळी पूजा. सगळे गाव शाळेसमोर. पोरे आंघोळ करून, केसांना तेल लावून ओळीत. पाट्या मांडल्या, त्यांच्या मध्ये चौरंगावर गठडी. पाटलांनी स्वतः कापूर लावला. एकेक पोरगे येऊन डोके टेकवून गेले. ज्यांनी ह्यांना पाहिलेही नाही ती पोरे.
मी मागे बसले होते. पाटलांची म्हातारी आई जवळ येऊन बसली, माझ्या हातावर हात ठेवला.

४ ऑक्टोबर
सकाळी सगळे गठडी कोनाड्यात ठेवायला आले. मी उभी राहिले. एवढ्या लोकांसमोर कधी बोलले नव्हते.
म्हटले, "काल पूजा झाली. आज वाचाचं असते. मास्तरचा नेम होता, आमच्या घरी दरसाल. घरचं मानूस सांगून राहिलं. तुमी अर्धीच पूजा करून राहिले."
पाटील म्हणाले, "मास्तरचा नेम? खरा?"
"खोटं सांगाले एवढ्या दूर येईन का मी?"
तेव्हा म्हातारी ओरडली, "मास्तरचा नेम मोडून राहिले का रे तुमी सात सालं? सोड ती गाठ!"
पाटलांनी सोडली. वरचे फडके कोरे, आत जुनी फडकी, त्यांच्या आत वाळवीची माती. उधई. वरची पुस्तके हातात घेताच भुगा झाली. एक पोरगी रडू लागली. पाटील भुगा ओंजळीत घेऊन म्हणाले, "आमी त कापूर लावत होतो जी. रोज झाडत होतो. उघडून नाई पाहिलं."
त्यांचा गणिताचा गठ्ठा गेला. भाषेची गेली. मी माती उकरत राहिले. मध्ये, तेलाच्या कापडात गुंडाळलेले, निळे. कोपरे खाल्लेले, मुखपृष्ठ आणि पहिली काही पाने नाहीत, मागचा पुठ्ठा तेवढा निळा. बाकी आहे.
म्हातारी म्हणाली, "वाच ना वो मग. नेम हाय त."
गुरुजींकडे दिले. ते म्हणाले, "तुम्ही वाचा बाई."
वाचले. उभ्याने. जोडाक्षराला दोनदा अडखळले. "शिक्षकाने मुलांना प्रथम गावाच्या पाण्याजवळ न्यावे. तेथे उभे करून विचारावे, हे पाणी कोठून येते, कोणाच्या शेतात जाते." पुढे चिखलातला नकाशा. सगळे तसेच. ह्यांनी बनवलेले नव्हते, आणि सु.ची नुसती आठवणही नव्हती. छापलेले आहे!
मागून कोणीतरी बोलले, "मास्तर असंच विचारत." मग दुसरा. मग चार-पाच बाप्ये एकदम, कोणी काय नकाशा काढला होता, कोणाचे देऊळ नाल्यात गेले होते.
ह्यांच्या शाळेत माझा आवाज. आज ते हवे होते.
पाटील म्हणाले, घेऊन जा, सुमनबाईचं होऊ द्या, पन परत आना.

१९ नोव्हेंबर, नागपूर
सु.कडे आले आहे. प्रोफेसरांनी दिवाळीआधीच निळे पुस्तक दोन दिवस ठेवून घेतले आणि म्हणाले, "आधार आहे. विषय कायम." आता पुस्तकाचे नाव, लेखक, साल हवे. दुसरी प्रत शोधायची. सु. आणि मी मोठ्या लायब्ररीत. केवढा दिवाणखाना, आणि सगळे गप्प. दारावर कारकुनाने विचारले, "शिक्षण काय?"
"वाचता येते."
त्याने बघितले, आत सोडले.
तीन दिवस शोधले. सु. नोंदींचे कागद बघते, मी फळ्यांवरून फिरते. निळा पुठ्ठा दिसला की ओढून काढते. सगळी दुसरीच निघतात.

२२ नोव्हेंबर
दुसरी प्रत नाही. इथले ग्रंथपाल म्हणाले, जुन्या शालेय पुस्तकांना कोणी जपत नाही, दरवेळी अभ्यासक्रम बदलला की फेकतात. "तुमची ही एकुलती असेल." सु.ने विचारले, मग काय लिहू? ते म्हणाले, जे आहे ते लिहा.

३१ मार्च १९५८
प्रबंध दिला. सु.ने एक प्रत घरी आणली. संदर्भाची पाने मी सगळी वाचली. मोठमोठ्या लायब्रऱ्यांची नावे. त्यांच्यामध्ये एक ओळ: "दरेकसा भागातील टोल्याच्या प्राथमिक शाळेचा संग्रह. मुखपृष्ठ उपलब्ध नाही." खाली गोंदियाचे वाचनालयही आहे, इंग्रजी पुस्तकासाठी. तिवारीजींना दाखवायला नेले. त्यांनी ती ओळ मोठ्याने वाचून दाखवली, दोनदा, आणि चहा मागवला.

१२ जून
सु.ची तोंडी परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. तिच्या पत्रात दुसरेच. नागपूरची लायब्ररी निळे पुस्तक मागते आहे. कायमचे. काचेच्या कपाटात ठेवणार, पुढच्या अभ्यासकांना मिळेल. प्रोफेसर म्हणतात, द्यावे.

१५ जून
आज पाटील आले. गोंदियाला धान विकायला आले होते, तसेच इकडे. तांदळाची पिशवी ठेवली. म्हणाले, "मास्तरीणबाई, पुस्तक? गाव विचारून राहिलं. गुरुजीनं जाळीचं कपाट बनवून घेतलं. औंदा बांधनार नाई. वाचू." जरा थांबून म्हणाले, "पूजा त करूच."
नागपूरचे सांगितले. म्हणाले, "मोठे लोक हाय थे. पन मास्तर आमचा."
चहा घेतला आणि गेले. दसऱ्याला उत्तर पाहिजे म्हणाले.

१८ जून
सु. लिहिते, आई, तू सांगशील तसे.
नागपूरला गेले तर जपले जाईल आणि शिकलेले लोक वाचतील. टोल्याला गेले तर बोडीवर जाईल. हे असते तर काय म्हणाले असते? दोन्ही म्हणाले असते, आणि वर मला विचारले असते, तू वाचलंस का?

मी धडा एकच वाचला आहे. त्या दिवशी, उभ्याने. बाकी सु.ने वाचले, प्रोफेसरांनी वाचले.

आज दुपारपासून सुरुवात केली, उरलेल्या पहिल्या, खाल्लेल्या पानापासून. काही शब्द अर्धेच आहेत, ते मनाने भरते. सावकाश चालले आहे. नकाशाचा धडा अजून पुढे आहे. माझे वाचून होईपर्यंत हे पुस्तक घरातून हलत नाही, ना नागपूरला, ना टोल्याला. तसे दोघांनाही उद्या कळवते.