जाते म्हणू नये

मेहकर,
ता. ११ मार्च १९३४

चि. वच्छीस बाबांचे अनेक आशीर्वाद. आम्ही दोघे खुशाल आहोत, तुझी खुशाली तर पत्रातून नुसती उड्या मारते आहे.

पत्र पावले. पॅरिसला दोन वर्षे शिकायला तुझी निवड झाली हे वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचले. मग डोक्यावर टोपी चढवून गावभर फिरलो. फकीर मोहम्मद मोटरवाला म्हणतो, "मास्तर, आता गाडी खामगावले नाई, सिद्दी पॅरिसलेच न्या लागते!" वच्छे, तुझ्या वयाचा असताना मी परीक्षेसाठी अकोल्याला निघालो तर आदल्या दिवशी मी तीनदा वळकटी सोडून बांधली होती. तू समुद्र ओलांडायला निघालीस आणि पत्रात विचारतेस काय, तर तिकडे लोणचे नेता येईल का. हे काळीज तुला कुणाकडून मिळाले? माझ्याकडून नक्कीच नाही.

संमतीचे लगेच कळवा, असे तू लिहिलेस. तिकडे वळतोच. हरभरा घरात आला. कपिला व्याली, कालवड झाली. आईचा गुडघा बरा आहे.

दिवाळीत ओट्यावर बसून तू माझ्याकडून घोटून घेतलेले फ्रेंचमधले 'जाणे' हे क्रियापद मी विसरलेलो नाही. ज व्हे, त्यु व्हा, इल व्हा, नू झालों, व्हू झाले, इल व्हों. आयुष्यभर पोरांना काळ शिकवले, पण असा काळ पाहिला नव्हता. जवळच्या भविष्यात काही करायचे असले की आधी 'जातो' म्हणायचे आणि पुढे मूळ क्रियापद जोडायचे. जातो खाणे, जातो झोपणे. त्यातही नू झालों आणि व्हू झाले! गोष्ट अजून व्हायची आहे आणि कानाला मात्र होऊन गेल्यासारखी. मी तो भूतकाळ सांगितला, तर तू "बाबा, नापास!" म्हणून हसत सुटलीस. रिटायर हेडमास्तरला नापास करणारी तू पहिलीच. खोटे कशाला सांगू, छाती फुगली माझी.

आई तेव्हा शेजारी तुरीची डाळ निवडत होती. ती एकदम म्हणाली होती, "हे काय जाते जाते लावलं वं? घरातून निंगतानी येते म्हनतात." तुला ती थट्टा वाटली. मलाही तशीच वाटली.

आता सांगतो. तुझे पत्र मी वाचून दाखवले तेव्हा आईने एवढेच विचारले, "कोन्त्या मुलखात म्हनता?" मी फ्रान्स म्हणालो. ती उठून भाकरी थापायला गेली, आणि पुढचे चार दिवस तो विषय निघाला की उठून गोठ्यात जाई. हरभरा आणि कालवडीच्या गोष्टी मी तुला उगाच सांगत बसलो नाही, वच्छे. या घरात एक नाव आपण काढत नाही, म्हणून माझाही हात अडत होता. इंद्रभान. तुझा दादा. मोठ्या लढाईत खेचरांच्या तुकडीबरोबर तो गेला तो त्याच फ्रान्सात, आणि तिथल्या थंडीतापात तिकडचाच झाला. तू तेव्हा पाळण्यातून नुकती उतरली होतीस.

काल दुपारी आई आपण होऊन बोलली.

"तो निंगाला तवा जातो म्हनला. जातो माय, म्हनला. येतो नाई म्हनला. माह्ये हात पिठाचे होते. वाटलं, गाडीमागं धावावं, म्हनावं, बापा, येतो म्हन. तं गाडी वळली."

इतक्या वर्षांत तिने हे मलाही सांगितले नव्हते. माझ्याजवळ होते ते व्याकरण, तेच पुढे केले. म्हणालो, "अगं, त्यांच्या भाषेत परत येण्याला रव्हनीर म्हणतात. वच्छी निघताना म्हणेल, ज व्हे रव्हनीर. जाते, परत येणे. जाते म्हटल्याशिवाय त्यांना येते म्हणताच येत नाही."

ती जवळ सरकली. मग म्हणाली, "पुन्हा म्हना. हळू म्हना." मी म्हटले. सगळी संध्याकाळ चुलीपाशी तिचे तेच चालले होते, ज व्हे रव्हनीर, ज व्हे रव्हनीर. शाळेचा उंबरा न पाहिलेली बाई, आणि तो घशातला 'र' असा काढते की मी ऐकतच राहिलो. तुझे काळीज कुणाचे, ते मला काल कळले.

आज सकाळी न्याहारी वाढता वाढता तिने निकाल दिला. तिचेच शब्द लिहितो.

"लिहा तिले, जाय म्हना. पन अंगनातून निंगतानी मले येते म्हन. आन तिथं जहाजातून उतरल्यावर त्याइच्या बोलीत म्हन, मोठ्यानं म्हन. मागच्या खेपेले त्या मुलखाले कोनी सांगतलंच नाई. आता समजलं पाह्यजे त्याले, हे पोरगी वापस येनार हाय."

तेव्हा ही आम्हा दोघांची संमती समज. तयारीला लाग.

पत्राखाली काय लिहू, असे मी आईला विचारले. ती म्हणाली, वाट पाहू असे लिहा, अन् तेही त्यांच्याच बोलीत. तू दिलेल्या पुस्तकात शब्द सापडला, आतांद्र. मी वाक्य जुळवून तिला वाचून दाखवले आणि बजावले, यातले 'झालों' म्हणजे झालेले नव्हे बरं, पुढचे आहे.

तिने मान हलवली. "पुढचं कायले? बरोबरच लिवलं तुमी. आपन तं आतापासूनच वाट पाहून राह्यलो."

पुन्हा नापास झालो, वच्छे. येते म्हणून निघ.

नू झालों आतांद्र,
तुझे आई-बाबा