मारुतीचा वाटा

अनगोळ, ८ फेब्रुवारी २०२४

ती. नागुआक्कास, मारुतीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहितो. माझी मूत्रपिंडं निम्म्याहून अधिक निकामी झाली आहेत. डॉक्टरांनी मागेच बजावलं होतं, वरून मीठ घेऊ नका. मी अक्षरशः पाळलं. ताटातलं मीठ बंद केलं आणि तू पाठवलेलं वाळवलेलं मटण भाजून खात राहिलो. त्यातलं मीठ वरचं नव्हे, आतलं. सरकारी नोकरीत जन्मभर नियम असेच वाचले. परवा पाय सुजले, चप्पल चढेना, तेव्हा तुझ्या भाचीने, रचनाने, तो डबाच डॉक्टरांपुढे ठेवला. हे असंच चाललं तर डायलिसिस लांब नाही, असं ते म्हणाले. तेव्हा यंदाच्या जत्रेचं पाठवू नकोस.

लोभ असू दे. त्याला मीठ कमी पडलं तरी चालेल.

तुझा मारुती

खानापूर, १७ फेब्रुवारी

चि. मारुतीस, आक्काचे अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र वाचून आधी राग आला, मग रडू. शाळेत मास्तरांनाही तू असाच फसवायचास. पण पाठवू नको म्हणणं सोपं आहे रं. जत्रेत भावकीचे वाटे पडतात, नावानिशी हाक होते. आलेला ओ देतो. न आलेल्याचा वाटा मीठ-हळद लावून वाळवायचा आणि पोचवायचा. मी माहेरी परत आल्यापासून तुझा वाटा मीच वाळवते. नाव कुणाचं गाळतात ते तुला ठाऊक आहे. आप्पा गेले त्या साली त्यांचं गाळलं. तुझं गाळा असं मी कुठल्या तोंडानं सांगू? थोडंच पाठवते, लई पाण्यांनी धुऊन खा.

माया पातळ करू नको.

आक्का

अनगोळ, २६ फेब्रुवारी

ती. आक्कास सा. न. वि. वि.

धुऊन चालेल का, डॉक्टरांना विचारलं. नाही चालणार, मीठ आत मुरलेलं असतं.

आक्का, खरं लिहितो. तू पाठवलंस तर मी खाणार. रचनाने कुलपात ठेवलं तरी खाणार. मला ते मशीन नको आहे, त्याची भीती वाटते, आणि तरीही खाणार. तेवढा निग्रह माझ्यात नाही, तो तुझ्यात आहे, म्हणून तुझ्याकडे मागतो. यंदाही प्रवास झेपणार नाही.

लोभ भरपूर असावा, पिशवी रिकामी.

मारुती

खानापूर, २० मार्च

चि. मारुतीस, अनेक आशीर्वाद वि. वि.

जत्रा पार पडली. नावं आपल्या चुलतभावानं, रवळूनं घेतली. तुझं नाव आलं तसे सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाईमाणसानं ओ द्यायची आपल्यात रीत न्हाय, तरी मी दिली. भाऊ जिता हाय, वाटा टाका, म्हणून सांगितलं. मग कुणीतरी मिठाचं ताट पुढं सरकवलं, ते मी मागं सारलं. तुझा वाटा त्याच दिवशी शिजवला आणि मी एकटीनं खाल्ला. दुसऱ्या कुणाला द्यायचं मन होईना. राग मानू नको.

काही पाठवत नाही. पुढच्या जत्रेला मात्र कसंही करून ये. खाऊ नको, नुसता उभा राहा आणि तुझी ओ तू दे. मला दरसाल मारुती व्हायला जमायचं न्हाय.

तुझी आक्का