पेय पडम

वेस्ट मांबलम, चेन्नई

तीर्थरूप अंबुजाक्कास, धाकट्या रघुरामचा वाकून नमस्कार. (मनातल्या मनात वाकलो. खरोखर वाकलो तर सरळ करायला सूनबाईंना ऑफिसातून यावं लागेल.) तुझा गुडघा काय म्हणतो? तंजावरात तुझ्याशी मराठी बोलणारं कोणी उरलंय का? आमच्याकडे मुलगा, सून, नातू, सगळे तमिळमध्येच हसतात-भांडतात. माझी मराठी आठवडाभर तोंड मिटून बसते, ती फक्त रविवारी बाहेर पडते.

त्याचं असं, की खालच्या मजल्यावर नाशिकच्या रत्नप्रभाबाई राहतात. इमारतीतली मराठी मुलं भाषा विसरू नयेत म्हणून त्या रविवारी त्यांना घरी जमवतात. ‘काका, मुलांना सिनेमाचे प्रकार समजावून द्याल का?’ म्हणाल्या. माझं शिक्षण तू जाणतेस, वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून झालेलं. पण सिनेमा, आपलं पडम, म्हटल्यावर मी नाही म्हणतोय होय?

मी आपला तंबूतला टॉकीज काढला. खाली वाळू, तिचा ढीग करून आपण त्यावर बसायचो, आणि मागचा माणूस तो लाथेनं पाडायचा. मुलांना सांगितलं, पडदा बघायची गरज नाही, खेळ सुटल्यावर वाळू बघून प्रकार ओळखता येतो. फुलं पडलेली दिसली की देवाचं पडम. खड्डे पडलेत, मारामारीचं. शेंगांची टरफलं लांबवर उडालीत, म्हणजे हसायचं. वाळू ओली, तर रडायचं. (अम्मा असल्या पडमाहून किती टवटवीत होऊन यायची, आठवतं? त्या रात्री कोणालाही बोलणी बसत नसत.) मुलं खूश! त्यातला कुशल म्हणाला, आता तो थिएटरात सांडलेले पॉपकॉर्न तपासणार. निघताना मी जाहीर केलं, ‘पुढच्या रविवारी पेय पडम!’

इथंच घात झाला. अक्का, आपल्या तमिळात पेय म्हणजे भूत, पण नाशिककडे पेय म्हणजे सरबत-ताक गं! भुताला ते भूतच म्हणतात. जिन्यात बाईंनी जरा गंभीरपणे विचारलं, ‘काका, पेय म्हणजे नक्की कसलं?’ मी भोळेपणानं म्हणालो, ‘वाईटच हो. एकदा धरलं की सुटत नाही. आमच्या अप्पांच्या मामांना धरलं होतं, चिंचेखाली पडून असायचे.’ बाईंचा चेहरा उतरला. ‘आणि हे मुलांना दाखवणार?’ ‘दाखवतो कुठं? नुसती चव देतो!’

रविवारी गेलो तर मुलं कोकम सरबताच्या बाटल्या घेऊन हजर, आणि बाई दाराशी खुर्ची टाकून पहाऱ्याला. खुलासा झाला, बाई पोट धरून हसल्या, पण म्हणाल्या, ‘आज रंगलं तर पुढे चालू ठेवू काका. नाहीतर मुलांना व्हिडिओ लावून देईन.’ हा एक तास गेला तर मी बोलू कोणाशी, पंख्याशी?

मग मी आपण पाहिलेलं ते पेय पडम जीव ओतून सांगितलं. विहीर, विझणारा कंदील, आपोआप उघडणारं दार... आणि थांबलो. ‘पुढे?’ मुलं ओरडली. ‘पुढे?’ बाईही खुर्चीवरून पुढे सरकल्या. मी म्हणालो, ‘पुढे आमची अक्का घाबरली. बिचारीला हाताला धरून मी घरी आणलं.’ कोणी ऐकेना. शेवटी बाई म्हणाल्या, ‘शेवट पुढच्या रविवारी हवा, तरच वर्ग.’

सर्वांना आशीर्वाद. गुडघ्याला तेल लाव.

तुझा,
रघुराम

ता. क. – तू शनिवारच्या गाडीनं येच. दाराआड काय होतं ते तूच सांग. मी मुलांना शब्द दिलाय, शेवट अक्काला माहीत आहे.

आणखी एक ता. क. – बाईंची लेक निधी फार चौकस. म्हणाली, ‘आजोबा, आजी तुमच्याबरोबर घरी आल्या, तर त्यांना शेवट कसा माहीत?’ मी अख्खी बाटली कोकम प्यालो. तर तू ये, आणि कोण पळालं तेही सांगून टाक. फक्त माझ्या जागेवरची वाळू कशी होती, ते सांगू नकोस. (अगदीच विचारलं, तर रडायचं पडम होतं म्हण.)