इंदूकाकूंची चिठ्ठी

९ मार्च
आमच्या लालबागच्या मसाल्याच्या दुकानाच्या ब्लॉगवर एकूण एकतीस लेख झाले. दोन वर्षं पदर खोचून लिहिले. वाचले कोणी? मी, बाबा (मी वाचून दाखवले म्हणून) आणि नाशिकची आत्या.
आज ऑनलाइन क्लासमध्ये सर म्हणाले, "लेख टाकला की काम संपत नाही, तिथून सुरू होतं." जुने लेख काढा, ताजे करा, त्यांची छोटी चित्र-कार्डं करा, गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सॲपवर सोडा. एका लेखातून दहा गोष्टी निघतात म्हणे. पटलं. मी लेख टाकते आणि परत ढुंकून बघत नाही. नवीन लिहायला वेळही नाही, मसाल्याचा सीझन तोंडावर. सकाळी आठला डंख, म्हणजे मसाला कुटायची यंत्रं, सुरू झाले की मिरचीच्या ठसक्याने दुकानात बोलता येत नाही, लिहिणं दूरच.

११ मार्च
एकतिसातला चांगला एकच. इंदूकाकूंचा.
काकू काळाचौकीच्या. लग्न होऊन आल्या तेव्हापासून आमच्याकडेच मसाला कुटून घेतात. मिरची किती, धणे किती, दगडफूल किती, सगळं सासूने दिलेल्या चिठ्ठीवर. मसाला डब्यात गेला की चिठ्ठी परत बटव्यात. बाबांचा नियमच आहे, एका घरची चिठ्ठी दुसऱ्या घराला कळता कामा नये. म्हणून तर बायका डंखाशी उभ्या राहून कुटून घेतात.
दुपारी पाच कार्डं केली. ब्लॉगवरचा चिठ्ठीचा फोटो मी मुद्दाम धूसर केलेला, तो कार्डावर अगदी मळकट दिसायला लागला. फोनमध्ये मूळ फोटो सापडला, एकदम स्वच्छ. तो लावला. शेवटच्या कार्डावर चिठ्ठीतलं प्रमाण सुबक अक्षरात टाइप केलं. खाली 'सेव्ह करून ठेवा'.

१३ मार्च
बापरे. फोन खाली ठेवता येत नाहीये! लोक कार्ड पुढे पाठवतायत, दुबईहून एकीने मसाला कुरिअरने पाठवाल का विचारलं. दोन वर्षांत झालं नाही ते दोन दिवसांत.
जेवताना बाबांना सांगितलं. म्हणाले, "बरं झालं. तुझी मेहनत आहे." कसलं कार्ड ते विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

१७ मार्च
एक बाई काउंटरवर आली, बाबांपुढे फोन धरला. "हा मसाला द्या. हाच." बाबांनी चष्मा वर करून वाचलं. "हा तयार मिळत नाही," एवढंच म्हणाले.
ती गेल्यावर माझ्याकडे वळले. "चिठ्ठी छापलीस?"
"दोन वर्षांपूर्वीचा लेख आहे बाबा. तेव्हाही फोटो होताच."
"तेव्हा वाचता येत होती?"
म्हटलं, लक्षातच आलं नाही. बाबा जेवणाचा डबा न उघडता पेढीवर बसून राहिले. त्यांना ओरडता येत असतं तर बरं झालं असतं.

२२ मार्च, रविवार
पाडव्यानंतरचा पहिला रविवार म्हणजे इंदूकाकूंचा दिवस. दरवर्षी बदलापूरहून मुलगा नितीन, सून रुपाली आणि नात येतात. पिशव्या नितीनच्या खांद्यावर, नात शिंका देत दारात, काकू आणि रुपाली डंखाशी. एरवी सासूसुनेचं पटत नाही हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. पण मसाला होईपर्यंत दोघी शेजारी उभ्या असतात, मग सगळे मिळून काकूंकडे कोंबडी-वडे.
आज काकू एकट्या आल्या. मिरची नाही, डबा नाही. रुपालीला ते कार्ड तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर मिळालं. तिने फोन केला, "आई, तुमचीच चिठ्ठी ना? आता उगाच तुम्हाला त्रास नको, आम्ही इथेच कुटून घेतो."
मी काहीतरी पुटपुटले. काकूंनी ऐकलंही नसेल.
"वर्साक एकदा येतत ती," म्हणाल्या. "माज्यासाठी नाय येनत, मसाल्याक येतत. ठावक आसा माका. पन येतत. आता कशाक येतली?"
बाबांनी चहा मागवला. अर्धा ठेवून गेल्या.

२३ मार्च
बाबांना सांगितलं की लक्षात आलं नाही. खोटं.
फोटो काढला तो दिवस मला स्वच्छ आठवतो. काकूंनी चिठ्ठी तळहातावर पसरली, वर माझ्याकडे बघितलं. "फोटो काढ गो, पन वाचूक येता नये हां." मी मान डोलावली. घरी येऊन तो धूसर केला तो त्यासाठीच. कार्ड करतानाही आठवलं होतं. क्षणभर थांबलेही होते. मग म्हटलं, दोन वर्षं झाली, कोणाला काय त्याचं. चिठ्ठीच्या ओळी बघितल्या, काकूंचा चेहरा नाही बघितला.
लाज वाटते.

२५ मार्च
सगळी कार्डं काढून टाकली. उपयोग शून्य. लोकांच्या फोनमध्ये आहेत ती आहेतच. एका अनोळखी ग्रुपवर तेच प्रमाण 'लालबागचा गुप्त मसाला' म्हणून फिरतंय. आमचं नाव नाही, काकूंचं तर नाहीच.
संध्याकाळच्या क्लासमध्ये सरांनी माझं कार्ड पडद्यावर दाखवलं. जुन्या लेखाचं सोनं कसं करावं याचं उदाहरण. सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. सर म्हणाले, "सुजाता, दोन शब्द बोला." माइक बिघडलाय असं लिहून बाहेर पडले.

२९ मार्च
काळाचौकीला गेले. हात रिकामे कसे न्यायचे म्हणून नारळ घेतला. आणि वाटेत वाटलं, माफी मागायला नारळ कोण नेतं?
काकूंनी नारळ देवापुढे ठेवला, मला पोहे दिले. कोपऱ्यात बेडगी आणि संकेश्वरी मिरचीच्या पिशव्या. वाळवून, देठ काढून तयार. काकूंच्या बोटांची आग अजून गेली नव्हती, सारख्या हात झटकत होत्या.
म्हटलं, "काकू, माझं चुकलं. तुम्ही नको म्हणाला होतात, ते मला आठवत होतं."
काकूंनी हात पदराला पुसले. मग, "ती चिठ्ठी रुपालीचीच होती गो. माज्यामागे तिकाच गावतली होती. मी स्वताच्या हातान दिली आसती."
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटत होतं मी त्यांचं गुपित फोडलं. मी त्यांच्या हातातलं देणं काढून घेतलं.
पोहे संपवले. काकू बसून बघत होत्या, टाकणं बरं दिसलं नसतं.

५ एप्रिल
दुपारी दुकानाचा फोन वाजला. रुपाली!
"ताई, चिठ्ठीप्रमाणे सगळं घेतलं, ग्रॅमला ग्रॅम. पण आईंसारखा होत नाहीये. रंग काळपट, वासही वेगळा. नितीन एक घास खाऊन गप्प बसला. काय राहिलंय?"
काय राहिलंय ते बाबांना माहीत आहे. आणि इतकी वर्षं डंखाशी वावरल्यामुळे मलाही. काकू अर्ध्या कुटण्यात बाबांच्या कानाशी वाकून एक गोष्ट सांगतात. चिठ्ठीत ती कधीच नव्हती. इथेही लिहीत नाही.
जीभ शिवशिवली. सांगितलं असतं तर रुपाली खूश झाली असती, वर 'चिठ्ठीत नसलेली गोष्ट' म्हणून आणखी एक लेख. हो, तेही मनात आलं. अजून येतं, काय करू.
"ते चिठ्ठीत नाहीये रुपाली. सासूबाईंना विचारा."
मग हळूच, "कशी विचारू ताई? मीच म्हटलं ना, यायची गरज नाही."
म्हटलं, काकूंची मिरची अजून तशीच पडून आहे. "बघते," म्हणाली आणि फोन ठेवला. बघते म्हणजे काय ते कळलं नाही.
बाबा ऐकत होते. चिठ्ठी छापल्याचं कळल्यापासून पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या डब्यातली चटणी माझ्या डब्यात वाढली.

११ एप्रिल
कुटण्याच्या नंबरांच्या पाटीवर बाबांनी उद्यासाठी पहिलं नाव लिहिलंय, इंदूताई. काकूंनी सांगितलेलं नाही. रुपालीचाही फोन नाही.
"तुम्हाला कोणी सांगितलं का?" विचारलं.
"नाही."
मीच काकूंना कळवू का, असं चारदा वाटलं. चारदा फोन खाली ठेवला. यात आता मी आणखी काही करू नये.

१२ एप्रिल, रविवार. सकाळी
साडेनऊ वाजून गेले. बाकीचे डंख आठपासून धडधडतायत. पहिला बाबांनी पुसून, कोरडा करून ठेवलाय, बंद. मागे रांग वाढतेय, प्रभादेवीच्या एक आजी चिडल्यात. "रिकामा आहे तर आमचा घ्या की!"
बाबा म्हणाले, "त्याला नंबर लागलाय. दहा मिनिटं थांबा."
हे तिसऱ्यांदा म्हणाले. मी दारात उभी राहून लिहितेय. इथून काळाचौकीचा रस्ता दिसतो आणि नितीन-रुपाली उतरतात तो बस स्टॉपही.